२०२६ मध्ये काय चालेल ते नंतर बघू, आधी सप्टेंबर २०२४ चे आकडे उतरवून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: पाच वर्षांपासून तुम्ही मराठी पाककृतींचं यूट्यूब चॅनेल चालवता, जोडीला एक वेबसाइट आहे. डिसेंबर लागला की 'पुढच्या वर्षी हेच चालणार' अशा याद्या सगळीकडून येऊ लागतात. एकीत एआय, दुसरीत पॉडकास्ट, तिसरीत फक्त छोटे व्हिडिओ. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, तुमच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज दुप्पट झाले, पण पैसे होते तेवढेच आले. वेबसाइटवर येणारी माणसं कमी झाली, आणि सप्टेंबर व नोव्हेंबर हे दोन महिने तर अगदीच कोरडे गेले. हाताशी चाळीस हजार रुपये आहेत. ते कुठल्या ट्रेंडवर लावावेत, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी सतरा वर्षं मराठी ऑनलाइन माध्यमांत काम करते आहे. आधी एका वृत्तपत्राच्या वेबसाइटवर होते, आता लहान चॅनेलवाल्यांना त्यांचे आकडे वाचायला मदत करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न कुठला ट्रेंड निवडावा हा नाही. सरलेल्या वर्षाचे आकडे तुम्ही जसे वाचलेत त्यात गडबड आहे, आणि त्या गडबडीमुळे तुम्हाला वाटतंय की लोक तुम्हाला सोडून गेले. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी व्ह्यूजची तक्रार मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे, सप्टेंबर-नोव्हेंबरची तक्रार पंचांगामुळे आहे. वेबसाइटची तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्याकडे नीट बघायला हवं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. या कामावर घर चालतं की हा जोडधंदा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घर चालत असेल तर चाळीस हजारांतला एक रुपयाही प्रयोगावर लावू नका असंच मी म्हणेन. दुसरं, तुमच्याकडे येणारी माणसं शोधून येतात, की यूट्यूबने समोर आणून ठेवलं म्हणून बघतात, हेही कळायला हवं. या दोन चॅनेलांना एकच सल्ला लागू पडत नाही. तुमचा विषय पाककृतींचा, त्यातही सणावाराच्या पदार्थांचा आहे, म्हणून शोधून येणारे जास्त असतील असं मी धरून चालते. तसं नसेल तर पुढचं थोडं बदलून वाचावं लागेल.

याद्यांबद्दल आधी बोलते, कारण नोकरीत असताना दरवर्षी मीही त्या लिहिल्या आहेत. डिसेंबरात छापायची यादी नोव्हेंबरच्या मध्यावर लिहायला घेतात, कारण डिसेंबरात निम्मा स्टाफ रजेवर असतो. म्हणजे वर्ष संपायला दीड महिना असताना वर्षाचा निकाल लागलेला असतो. २०२२ साली याचा मोठा धडा मिळाला. चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला. तोवर २०२३ च्या बहुतेक याद्या लिहून झाल्या होत्या आणि त्यांत मेटाव्हर्स, म्हणजे चष्मा लावून शिरायचं आभासी जग, होतं. २०२१ च्या डिसेंबरात तर मेटाव्हर्स आणि एनएफटी (डिजिटल चित्रांसारख्या वस्तूंच्या मालकीची विकत घ्यायची नोंद) यांच्याशिवाय यादीच नव्हती. फेसबुकने ऑक्टोबरात कंपनीचं नाव बदलून मेटा केलं होतं, कॉलिन्स शब्दकोशाने एनएफटीला वर्षाचा शब्द ठरवलं होतं. आज तुमच्या ओळखीतलं कोण मेटाव्हर्समध्ये पुरणपोळी शिकतंय? आणि २०१९ च्या डिसेंबरातल्या याद्यांत भारतासाठी टिकटॉक वरच्या क्रमांकावर होतं. २९ जून २०२० ला सरकारने ते बंद केलं. आपल्याकडची खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं-मुली तिथे नावारूपाला आली होती, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. ज्यांनी आधीपासून यूट्यूबवर थोडं थोडं टाकून ठेवलं होतं तेच तगले.

मोठ्या कंपन्यांच्या वर्षअखेरीच्या आढाव्यांचंही तसंच. ते खोटे नसतात, पण ते काय मोजतात हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. गूगल २००१ पासून वर्षभराच्या शोधांची यादी काढतं. त्यातले 'ट्रेंडिंग' शब्द हे सर्वांत जास्त शोधले गेलेले शब्द नसतात. आदल्या वर्षाच्या मानाने ज्यांचा शोध सर्वांत वेगाने उसळला, ते शब्द असतात. हा फरक तुमच्या धंद्यात फार महत्त्वाचा आहे. २०२४ च्या भारतातल्या पाककृतींच्या यादीत उगादी पचडी आणि शंकरपाळी यांच्या पंगतीला भूतानची एमा दात्शी बसली होती. म्हणून भूतानी पदार्थांचं चॅनेल काढायचं का? साबुदाण्याची खिचडी त्या यादीत बहुधा कधीच दिसणार नाही, कारण ती उसळत नाही. ती दर एकादशीला, दर चतुर्थीला, दर शिवरात्रीला शोधली जाते आणि पुढची वीस वर्षंही शोधली जाईल. यादी उसळी दाखवते, तुमचं पोट सातत्यावर चालतं.

याद्यांच्या नादाने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि त्या डिसेंबरात जो तो म्हणत होता की आता लोक वाचणार नाहीत, फक्त व्हिडिओ बघतील. आमच्या ऑफिसने मजकूर लिहिणाऱ्या चार माणसांना उचलून व्हिडिओवर बसवलं आणि शेती व आरोग्याची दोन सदरं बंद केली. त्या सदरांना वाचक थोडे होते, पण ते दर आठवड्याला न चुकता यायचे. व्हिडिओचे आकडे मोठे दिसले, आम्ही खूश झालो. पण व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, हे आम्ही विचारलंच नाही. खरं तर त्याच सप्टेंबरात फेसबुकने जाहीर कबूल केलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा त्यांनी दिलेला आकडा फुगलेला होता, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले व्ह्यूज त्या सरासरीत धरलेच नव्हते. ही बातमी आमच्याच साइटवर लागली होती. वाचूनही आम्ही ती स्वतःला लावून पाहिली नाही. दोन वर्षांनी व्हिडिओची टीम मोडली. सदरं पुन्हा सुरू केली, पण जुने वाचक परत आले नाहीत. त्यांतल्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं होतं, 'सदर का बंद केलंत' एवढंच लिहिलेलं. ते अजून माझ्याकडे आहे.

आता तुमच्या शॉर्ट्सच्या दुप्पट व्ह्यूजकडे येते. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचा व्ह्यू मोजण्याची रीत बदलली. पूर्वी शॉर्ट काही सेकंद पाहिला गेला तरच व्ह्यू धरत. आता तो सुरू झाला की व्ह्यू, पुन्हा फिरला की पुन्हा व्ह्यू. कुणी अंगठ्याने सरकवत जाताना तुमचा शॉर्ट क्षणभर सुरू झाला तरी तो मोजला जातो. म्हणजे बघणारी माणसं तेवढीच असतील तरी एप्रिलपासून आकडा वाढलेला दिसणारच. २०२४ आणि २०२५ ची तुलना केलीत तर तुम्ही दोन वेगळ्या मापांनी मोजताय. आधीचं माप शेराचं, नंतरचं किलोचं.

पैसे मात्र जुन्याच मापाने मिळतात. यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्सच्या ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जा, तिथे 'एंगेज्ड व्ह्यूज' नावाचा आकडा आहे. जुन्या मोजणीच्या जवळचा तोच, आणि कमाईसाठीही तोच धरतात. तुमच्या पैशांत फरक का पडला नाही, याचं उत्तर तिथे मिळेल. एंगेज्ड व्ह्यूजही खरंच वाढले असतील तर तुमचं अभिनंदन. माझा अंदाज आहे की ते थोडेच वाढले असतील. दुसरी गोष्ट वाटणीची. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतून निर्मात्याला ५५ टक्के मिळतात. शॉर्ट्सच्या जाहिरातींचा पैसा आधी एकत्र जमा होतो, गाण्यांचा वाटा त्यातून वजा होतो, आणि निर्मात्यांच्या वाट्याला जे ठरतं त्याचे ४५ टक्के हाती येतात. म्हणून माझ्या ओळखीच्या पाककृतीवाल्यांत शॉर्ट्सवर घर चालवणारं कुणी नाही. शॉर्ट्स टाकू नका असं मी म्हणत नाही. उकडीच्या मोदकाला पाकळ्या कशा पाडायच्या, हे चाळीस सेकंदांत फार छान दिसतं. पण त्या शॉर्टमधून मोठ्या व्हिडिओवर किती जण गेले तेवढंच बघा. शॉर्टला संबंधित व्हिडिओ जोडायची सोय आहे, आणि बरेच जण ती जोडायचीच विसरतात.

सप्टेंबर आणि नोव्हेंबर कोरडे का गेले, याचं उत्तर तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. मोदक, पंचखाद्य, ऋषीची भाजी, गौरीचा नैवेद्य हे सगळं शोधणारी गर्दी गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली, यंदा तिचा मोठा भाग ऑगस्टमध्येच येऊन गेला. दिवाळीचंही तेच. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, पाडवा-भाऊबीज नोव्हेंबरातच झाले. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत लोकांच्या डब्यातला चिवडा संपत आला होता. यूट्यूब आणि गूगल तुम्हाला महिन्याशी महिना लावून दाखवतात. त्यांना चंद्राचं गणित ठाऊक नाही.

सणाच्या पदार्थांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावते: महिन्याशी महिना लावू नका, सणाशी सण लावा. एक वही घ्या. २०२४ साठी १७ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर हा काळ घ्या, म्हणजे चतुर्थीच्या आधीचे एकवीस दिवस आणि नंतरचे दहा. २०२५ साठी ६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. हे दोन एकमेकांशेजारी ठेवा. मग दिवाळीचं तसंच करा, लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीस दिवस आणि नंतरचे पाच. आषाढी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, यंदा ६ जुलैला, म्हणून उपासाच्या पदार्थांचाही काळ सरकवून घ्या. माझ्याकडे 'सप्टेंबरात चॅनेल मेलं' म्हणून आलेल्या एका बाईंचं गणित यंदा असंच मांडलं, तेव्हा गणपतीचा काळ गेल्या वर्षीपेक्षा थोडा बराच निघाला. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. तोवर त्यांनी एका एजन्सीला वर्षभराच्या रील्ससाठी पैसेही दिले होते.

आता वेबसाइट. इथे काळजी करण्यासारखं खरंच आहे. गूगल शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं, ते भारतात ऑगस्ट २०२४ पासून. वरच उत्तर मिळालं की खालच्या दुव्यावर कमी लोक जातात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या लोकांच्या प्रत्यक्ष वापरावरून हे मोजलं: असं उत्तर दिसलं तेव्हा १०० पैकी ८ वेळा लोक खालच्या दुव्यावर गेले, दिसलं नाही तेव्हा १५ वेळा. तो आकडा अमेरिकेचा आहे, आपल्याकडे तंतोतंत तसाच असेल असं नाही. पण दिशा तीच आहे, हे मी चार-पाच मराठी साइट्सच्या आकड्यांत पाहते आहे.

मात्र सगळी पानं सारखी घटत नाहीत. 'साबुदाणा किती वेळ भिजवायचा', 'एक वाटी रव्याला पाणी किती' या प्रश्नांचं उत्तर एका ओळीत संपतं, तिथे तुमच्याकडे यायची कुणाला गरज उरली नाही. ती पानं गेली असं समजा. त्यांच्यामागे धावण्यात वर्ष घालवू नका. टिकून आहेत ती 'का बिघडलं' या प्रश्नांची पानं. अनारसे तुपात का हसतात, म्हणजे विरून का पसरतात, चकली तळताना का तुटते, पाकातले लाडू दुसऱ्या दिवशी दगडासारखे का होतात, मोदकाची उकड का चिरते. चकली तुटते तेव्हा मोहन कमी पडलंय की जास्त झालंय, पीठ सैल मळलंय की भाजणी जुनी आहे, हे एका ओळीत सांगता येत नाही. तिथे बाईला समोर कुणाचे तरी हात दिसायला हवे असतात. आपल्या आया-मावश्या हेच करायच्या, पिठाला बोट लावून सांगायच्या. तुमच्या जुन्या व्हिडिओंखालच्या कमेंट्स उघडा. पाच वर्षांत लोकांनी 'माझं असं का झालं' म्हणून काय काय विचारलंय ते उतरवून घ्या. पुढच्या वर्षाचे तुमचे विषय तिथे आहेत, आणि ते कुठल्याच एजन्सीकडे नाहीत.

एक बारीक गोष्ट. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातून वेबसाइटवर किती जण येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यापासून डेस्कटॉपवरचे इम्प्रेशन्स (शोधाच्या निकालांत तुमचं पान किती वेळा दिसलं तो आकडा) अचानक खाली आलेले दिसत असतील तर घाबरू नका. गूगलने एकाच पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. ती सोय जास्त करून क्रमवारी तपासणारी यंत्रं वापरत होती. ते इम्प्रेशन्स माणसांचे नव्हतेच. क्लिक बघा, ते खरे.

म्हणजे आतापर्यंत असं झालं: व्ह्यूज वाढलेले दिसले ते मोजमापामुळे, महिने पडलेले दिसले ते तिथींमुळे, आणि वेबसाइटची घट खरी आहे पण ती ठरावीक पानांची आहे. हे मान्य असेल तर एआयच्या प्रश्नाला हात घालू.

वर्षअखेरीच्या सगळ्या याद्यांत मी एकच प्रकार मनापासून वाचते, तो म्हणजे शब्दकोशांनी निवडलेला वर्षाचा शब्द. त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं, लोक कशाबद्दल बोलतायत एवढंच ते टिपतात. २०२४ मध्ये ऑक्सफर्डने 'ब्रेन रॉट' निवडला, म्हणजे फालतू गोष्टी बघून बघून मेंदू सडणं. यंदा त्यांनी 'रेज बेट' निवडला, म्हणजे मुद्दाम चिडवून गर्दी जमवणारा मजकूर. मेरियम-वेबस्टरने 'स्लॉप' घेतला, म्हणजे एआयने ढिगाने ओतलेला निकृष्ट माल. केंब्रिजने 'पॅरासोशल', म्हणजे आपण ज्याला घरच्यासारखं ओळखतो पण जो आपल्याला ओळखत नाही, असं एकतर्फी नातं. हे इंग्रजी जगाचे शब्द आहेत, पण शेजारी शेजारी ठेवून वाचले की त्यांतून एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. लोकांच्या ताटात फार वाढलं जातंय आणि त्यात घरचं काही नाही.

मराठीतही ते दिसू लागलं आहे. कुणाचा चेहरा नाही, हात नाहीत, एआयने काढलेली चकलीची चित्रं, आणि यंत्राचा आवाज. त्या आवाजाला 'चमचा'तला च आणि 'भाजणी'तला ज अजून धड जमत नाही. ऐकणाऱ्या बाईला ते एका वाक्यात कळतं. जुलै २०२५ पासून यूट्यूबनेही नियमांत अशा साच्यातून ढिगाने काढलेल्या मजकुराला 'अस्सल नसलेला' असं नाव देऊन त्यावर कमाई मिळणार नाही हे स्पष्ट केलं आहे. तुमच्या यादीत एआयने रोज दहा व्हिडिओ बनवून देणारं एक सबस्क्रिप्शन आहे, ते घेऊ नका. माझं या बाबतीतलं मत पक्कं आहे. तुमच्याकडे पाच वर्षांचा आवाज आणि हात आहेत, लोक त्यासाठी येतात. एआय वापरायचंच तर जिथे कंटाळवाणी मेहनत आहे तिथे वापरा: व्हिडिओतलं बोलणं लिहून काढायला, सबटायटल्सचा कच्चा मसुदा करायला, शंभर कमेंट्समधून सारखे प्रश्न वेगळे काढायला. मीही त्यासाठी वापरते. प्रमाणं मात्र स्वतः तपासा. मी एकदा मसुद्यात 'पाव वाटी' ची 'पाच वाटी' झालेली पकडली आहे.

पॉडकास्टबद्दल थोडक्यात सांगते. पाककृती कानाने शिकता येत नाहीत. तुम्हाला गप्पा मारायची हौस असेल तर जरूर करा, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आता चाळीस हजार. घर यावर चालत नाही असं धरून सांगते. आवाज घुमत असेल तर कॉलरला लावायचा बरा माइक घ्या आणि ओट्यावर सावली पडणार नाही असा एक दिवा. दहा-बारा हजारांत हे होतं. प्रेक्षक अंधुक चित्र चालवून घेतात, कढईच्या आवाजात बोलणं बुडालं तर निघून जातात. मग पंधरा हजार माणसावर लावा. जिला मराठी टायपिंग येतं आणि जी स्वतः स्वयंपाक करते, अशी कुणी गाठा. कॉलेजातली मुलगी चालेल, निवृत्त शिक्षिका तर फारच छान. तिच्याकडून वेबसाइटवरची सर्वांत चालणारी चाळीस पानं नीट करून घ्या: वाटीबरोबर ग्रॅमही, 'का बिघडतं' याचा परिच्छेद, तुमच्या व्हिडिओतलं त्या क्षणाचं चित्र. लोक रोमन अक्षरांत मराठी लिहूनही शोधतात, तेव्हा पदार्थाचं नाव त्या लिपीतही पानावर असू द्या. उरलेले पैसे एप्रिलपर्यंत तसेच ठेवा. का, ते पुढे सांगते.

व्हॉट्सॲप चॅनेल काढा असं तुम्हाला कुणी सुचवलंय. काढा. सप्टेंबर २०२३ पासून ती सोय आपल्याकडे आहे आणि फुकट आहे. सणाच्या आधी एक निरोप टाकला की जुनी माणसं पुन्हा येतात. पण तिथेही अनुयायांचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत. उद्या ती सोय बदलली तर तुमच्या हाती काही उरणार नाही, म्हणून सगळा भार तिच्यावर टाकू नका. बाहेरच्या जाहिरातींवर विसंबतानाही असंच सावध राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राचा कायदा आला आणि त्यांच्या जाहिराती एका फटक्यात थांबल्या. काही मराठी चॅनेलांची वर्षाची मोठी कमाई तिथूनच यायची. अशी गोष्ट कुठल्याही ट्रेंडच्या यादीत आधी येत नाही.

आणि आता तुमचं २०२६. मला कुणी एकच अंदाज मागितला तर मी पंचांग उघडते. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ. मागचा अधिक महिना श्रावणात आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायची आपली पद्धत तुम्हाला मी सांगायला नको, तेहतीस अनारसे आणि वर दिवा. तीन वर्षांतून एकदा महाराष्ट्रातल्या असंख्य सासूबाई एकाच वेळी अनारसे करायला बसतात, आणि त्यांतल्या कितीतरींना आईच्या हातचं प्रमाण आठवत नसतं. तुमचं चॅनेल तेव्हा होतं. स्टुडिओत जुलै-ऑगस्ट २०२३ उघडा आणि अनारशांच्या व्हिडिओची रेघ बघा. ती कशी दिसते ते मला कळवा. गूगल ट्रेंड्समध्येही तो काळ टाकून बघता येतो.

यात स्वयंपाकाचं गणित विसरू नका. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, मग वाळवणं, कुटणं, गूळ घालून पीठ मुरवणं. म्हणजे १७ मेला वाण द्यायचं असेल तर बाई मेच्या पहिल्या आठवड्यात शोधायला लागते, आणि नव्या व्हिडिओला यूट्यूबवर रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. व्हिडिओ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पडलेला हवा. पीठ करण्याचा वेगळा, थापून तळण्याचा वेगळा, आणि हसलेल्या अनारशांवर उपाय सांगणारा तिसरा. त्यासाठीच एप्रिलपर्यंत पैसे राखून ठेवा म्हटलं. परदेशात राहणाऱ्या मुलींसाठी तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या तांदळावर आणि गुळावर दोन वाक्यं टाका. त्यांना आईला विचारायला रात्री जागावं लागतं.

अधिक महिन्यामुळे पुढचे सगळे सण पुढे सरकतात हेही आत्ताच वहीत लिहून ठेवा: आषाढी २५ जुलैला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी ऑगस्ट कोरडा दिसेल आणि नोव्हेंबर भरून वाहील. तेव्हा पुन्हा कुणी सांगेल की ऑगस्टात अल्गोरिदम बदलला.

या सगळ्याच्या आधी आजच्या आज एक काम करा. सर्च कन्सोल फक्त सोळा महिन्यांचे आकडे ठेवतं, त्याआधीचे पुसले जातात. आज डिसेंबर २०२५ चा तिसरा आठवडा आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीआधीच्या ऑगस्टचे पहिले दिवस आत्ताच हातचे गेलेत आणि रोज एकेक दिवस जातोय. ७ सप्टेंबर २०२४ चा दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिसेनासा होईल. सर्च कन्सोल उघडा, कालावधीत सोळा महिने निवडा, वर उजवीकडे एक्सपोर्टचं बटण आहे ते दाबून फाइल उतरवा. तारखांनुसार एक, पानांनुसार एक, शोधलेल्या शब्दांनुसार एक. हे झालं की गणपतीचे दोन्ही काळ मी सांगितले तसे शेजारी मांडा, २०२४ चा जेवढा उरलाय तेवढाच २०२५ मधूनही घ्या, आणि क्लिकचे दोन आकडे इथे लिहा. कुठली पानं खरंच घटली आहेत ते त्यावरून मी तुम्हाला सांगू शकेन.